गायरानाचा धनी कोण?

सातबाराच्या उताऱ्यावर नाव सरकारचे आणि शेरा ‘गुरचरण’ असा, अशी एक तरी जमीन महाराष्ट्रातील बहुतेक गावांच्या दप्तरात सापडते. बोलीत तिला गायरान म्हणतात, काही भागांत नुसते ‘माळ’. या उताऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नसतो, वारसनोंदीचे फेरफार नसतात, भाऊबंदकीचे दावे नसतात. ती विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, तिच्यावर पीककर्ज निघत नाही. व्यवहाराच्या भाषेत जिला मोल नाही अशी ही जमीन. आणि नेमके म्हणूनच, ज्याला जागा हवी असते त्याची नजर प्रथम तिच्याकडे वळते. शाळेची वाढीव खोली, पाण्याची टाकी, व्यायामशाळा, खडी फोडण्याचे यंत्र, कचऱ्याचा ढीग, अलीकडे सौरऊर्जेच्या काचा, या सर्वांना गावात जागा मिळते ती गायरानात. गुरांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

जीवदयेचा संस्कार ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, त्या जैन समाजाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पांजरपोळींना आणि गोशाळांना सढळ हाताने दान देणारी घरे समाजात आजही पुष्कळ आहेत. परंतु त्या दानाचा मोठा भाग चारा विकत घेण्यात जातो, आणि चारा विकत घ्यावा लागतो याचे एक कारण गावोगावची चराई आटत चालली हे आहे, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. एका मोठ्या जनावराला दिवसाला पाच किलो वाळका चारा धरला, तरी शंभर जनावरांच्या पांजरपोळीला वर्षाला सुमारे १८० टन कडबा लागतो; हिरवा चारा निराळाच. दुष्काळाच्या वर्षी कडब्याचा भाव चढला की विश्वस्तांची झोप उडते. मराठवाडा, सोलापूर, नगर, सातारा, सांगली या भागांनी २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांचे ते दिवस पाहिले आहेत.

गायरान म्हणजे ओसाड जागा, हा समज मुळातच चुकीचा आहे. दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या पट्ट्यात माळ हीच निसर्गाची स्वाभाविक घडण आहे. तेथे दाट झाडी नसते, तशी ती असावी असेही नाही. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते पहिल्या पावसात उठतात, दिवाळीपर्यंत पिकून पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसतात. मुळे मात्र जमीन धरून असतात. या गवतावर गावची गुरे चरतात, धनगरांचे कळप ठरावीक काळात उतरतात, चंडोल आणि टिटवी जमिनीवरच घरटे करतात, लांडगा आणि खोकड याच माळावर जगतात. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले ते अशाच गवताळ माळांमुळे. तरीही देशाच्या ‘पडीक जमिनींच्या नकाशा’त गवताळ माळांचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवलेला असतो. एकदा कागदावर ‘पडीक’ हा शब्द पडला की त्या जागेचे काहीतरी करणे हे पुण्यकर्म ठरते. शब्दाने एवढे नुकसान क्वचितच कशाचे झाले असेल.

कायदा या बाबतीत तितकासा दुबळा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावातील बिनभोगवट्याची जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मालकी सरकारची, उपभोग गावाचा, अशी ही रचना. पुढे त्यात कलम २२-अ घालण्यात आले आणि गायरानाचा दुसऱ्या कामासाठी वापर करण्यास बंधन आले. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच गायरानाला हात लावावा, आणि खासगी प्रकल्पाला ते टाळताच येत नसेल तर त्याने दुप्पट क्षेत्राची व किमान तेवढ्याच मोलाची जमीन चराईसाठी द्यावी, असा त्याचा आशय.

त्याआधी २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात दिलेला निकाल गावच्या सामायिक जमिनींच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावी तळ्याच्या जागेवर काही लोकांनी भराव टाकून बांधकामे केली होती, आणि पैसे भरून घेऊन ती नियमित करावीत असे प्रशासनाचेही मत पडले होते. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ते मानले नाही. तळी, चराई, खळी, स्मशान यांसाठी गावाने राखलेल्या जागा शतकानुशतके सर्वांच्या उपयोगाच्या आहेत आणि पैसा व दांडगाई यांच्या बळावर त्या बळकावल्या जात आहेत, असे नमूद करून न्यायालयाने सर्व राज्यांना अशी अतिक्रमणे काढण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने दिलेले पट्टे, तसेच शाळा-दवाखान्यासारखा सार्वजनिक उपयोग, अशा मोजक्या बाबतींत अपवादाची वाट ठेवली. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्याला अनुसरून निर्णय काढला.

एवढे सर्व असूनही प्रत्यक्षात काय झाले? मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा पुढे आलेल्या सरकारी आकड्यांनुसार राज्यात सुमारे साडेचार लाख हेक्टर गायरान होते, त्यातील सुमारे दहा हजार हेक्टरवर अतिक्रमण होते आणि अतिक्रमणांची संख्या दोन लाख वीस हजारांवर होती. या आकड्यांना साधा भागाकार लावून पाहण्यासारखा आहे. एका अतिक्रमणाच्या वाट्याला सरासरी साडेचार गुंठ्यांच्या आसपास जागा येते. म्हणजे यातील बहुतेक ‘अतिक्रमक’ हे घर बांधून राहिलेले, गोठा किंवा टपरी घातलेले लोक असावेत. अनेकांना स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. नोटिसा निघाल्या तेव्हा धसका घेतला तोही त्यांनीच.

त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो माणुसकीनेच सोडवावा लागेल. गायरानाचा इतिहास भूमिहीनांच्या लढ्याशीही जोडलेला आहे, हे विसरून चालणार नाही. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा ही मागणी होती, आणि मराठवाड्यात एकनाथ आवाड यांनी तीच मागणी पुढच्या पिढीत लावून धरली. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचा १९९१ चा निर्णय त्यातून आला. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, त्यांनी माळाचा एक तुकडा कसला म्हणून त्यांच्यावर ‘गोमातेच्या तोंडचा घास काढला’ असा आरोप करणे न्यायाचे नाही.

खरी मेख आकड्यांच्या दुसऱ्या बाजूला आहे. जी जमीन रीतसर आदेशाने दिली गेली, ती अतिक्रमणाच्या नोंदवहीत येतच नाही. औद्योगिक क्षेत्र, संस्था, खाण, वीजप्रकल्प यांना गेलेले शे-दोनशे एकर कागदोपत्री अगदी स्वच्छ असतात. साडेचार गुंठ्यांची झोपडी डोळ्यांत खुपते आणि ताराचे कुंपण घातलेला अख्खा माळ विकास म्हणून मिरवतो. गायरान वाचवायचे तर लक्ष या दुसऱ्या खात्याकडे अधिक द्यावे लागेल.

गावाने ठरवले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने घालून दिले. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण तेथे सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतराने पोखरलेले होते. भोवतालच्या टेकड्या बोडक्या होत्या. १९९४ पासून आदर्श गाव योजनेत जी कामे झाली, त्यांत सलग समतल चर आणि बंधारे यांची चर्चा नेहमी होते. पण गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने त्याहून मोलाची म्हणावी लागतील. कुऱ्हाडबंदी झाली. चराईबंदी झाली, म्हणजे माळावर गुरे मोकाट सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचे आणि कापून आणून घालायचे. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही. आणि गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही.

हे शेवटचे बंधन अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसणारे नाही. जमिनीला भाव येत असताना विक्री रोखणे म्हणजे मालकाचे हात बांधणे, असे कोणीही म्हणेल. परंतु एका खातेदाराने शेत विकले आणि तेथे फार्महाउसची कुंपणे पडली, तर शेजारच्या पाणलोटाचे, वाटेचे आणि माळाचे काय होते, हे नगर-पुणे पट्ट्यातील गावांनी पाहिलेले आहे. हिवरे बाजारात गवत वाढले, गवताबरोबर दूध वाढले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास दिवसाला दीडशे लिटरच्या घरात असलेले दूध पुढे चार हजार लिटरच्या घरात गेले, असे सांगितले जाते. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परत आली. २०२० मध्ये पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. येथे गायरान ‘मोकळे’ राहिले ते कोणी लक्ष दिले नाही म्हणून नव्हे. उलट त्याचा रोजचा उपयोग आणि रोजची राखण गावाने ठरवून केली म्हणून. ज्या माळाचा गावाला काही उपयोग उरलेला नाही, तो माळ कोणी घेतला तरी गावाला त्याची खबर उशिराच लागते.

श्रावकाचाराकडे वळले तर मोकळ्या भूमीचे भान तेथे पुरातन काळापासून दिसते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा समाजाला परिचित आहे. वाणिज्यग्रामच्या या धनिकाचे बारा कोटी सुवर्णधन तीन समान भागांत होते: चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरगृहस्थीच्या साहित्यात. हा तपशील बहुतेकांच्या स्मरणात राहतो. त्याच्याकडे प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज होते, हा तपशील मात्र वाचताना निसटतो. चाळीस हजार गायी दावणीला बांधून पोसल्या जात नाहीत. त्यांच्यामागे केवढी चराई असली पाहिजे! भगवान महावीरांपाशी त्याने परिग्रहाची मर्यादा घेतली, तेव्हा धनाबरोबर गोधनाची आणि शेतजमिनीचीही मर्यादा घेतली. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे. वन तोडून उपजीविका करणे, गवत-रानाला आग लावणे म्हणजे दवदान आणि तळी-सरोवरे आटवणे म्हणजे सरःशोष, ही तीन त्यांतच येतात. तळ्यावर भराव टाकून भूखंड पाडणे हा व्यवसाय त्या काळी नव्हता. असता तर कोणत्या रकान्यात बसला असता, हे सांगायला नको. बांधकाम आणि जमीनखरेदी या व्यवसायांत समाजातील अनेक कर्तबगार मंडळी आहेत, म्हणून हा उल्लेख येथे टाळणे सोयीचे झाले असते.

मुंबईच्या इतिहासातही एक बोलके पान आहे. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात दंगल झाली, आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाय व शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ उभी राहिली. एक पारशी आणि एक जैन. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने मैदानावरील चराईवर शुल्क बसवले. गरीब गवळ्यांना ते परवडेना. तेव्हा जमशेटजींनी स्वतःच्या पैशाने ठाकुरद्वारच्या बाजूला समुद्रालगत जमीन घेऊन ती गुरांना मोफत चरण्यासाठी खुली केली, असे सांगतात. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरूनच पडले, असे एक मत आहे. आज त्या स्थानकातून रोज हजारो लोक चढतात-उतरतात. दानशूराने चराई विकत घेऊन दिली. पण ती कायम राखण्याची व्यवस्था शहराच्या वाढीपुढे टिकली नाही.

नाशिकच्या पांजरपोळीचे प्रकरण याच्या नेमके उलट टोकाचे आहे. १८७८ पासूनच्या या संस्थेकडे शहरालगत चुंचाळे परिसरात आठशे एकरांहून अधिक जमीन आहे. झाडी, गवत, पाण्याची तळी आणि शेकडो गोवंश असा तो विस्तार. भोवती औद्योगिक वसाहत वाढली, तशी ही जमीन उद्योगांसाठी घ्यावी अशी मागणी २०२३ मध्ये जोराने पुढे आली. तेव्हा पर्यावरणाचे कार्यकर्ते आणि सामान्य नाशिककर तिच्या बाजूने उभे राहिले. यातील अनेकांचा पांजरपोळीशी धर्माने किंवा देणगीने काही संबंध नव्हता. शहराला श्वास घ्यायला एवढीच मोठी जागा उरली आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उद्योगाची बाजूही पोकळ नाही. रोजगार हवा, आणि जागा मिळाली नाही तर कारखाने दुसरीकडे जातात. परंतु आधी दिलेल्या औद्योगिक भूखंडांपैकी किती वापरात आहेत हे तपासण्याआधी दीडशे वर्षे राखलेल्या हिरव्या जमिनीला हात घालणे, हा कोणत्याही शहाण्या कर्जदाराचा हिशेब नव्हे. पहिल्या कर्जाचा विनियोग दाखवल्याशिवाय दुसरे कर्ज कोणी मागत नाही.

गायरानांपुढचा आजचा ताजा प्रश्न सौर प्रकल्पांचा आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू उत्तमच; रात्री-अपरात्री पाणी पाजायला गेलेल्या माणसाला साप चावल्याच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही तो पटेल. २०२३ पासून या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि जागेसाठी सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, पुढे आली. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. ग्रामपंचायतीला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षे, अशी तरतूद आहे. जमीन मात्र प्रकल्पाच्या ताब्यात पाव शतक राहते. तीन वर्षांचे १५ लाख पंचवीस वर्षांवर पसरले, तर वर्षाला ६० हजार होतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प असेल आणि वीस-पंचवीस एकर जात असतील, तर एकरी वर्षाला अडीच-तीन हजार. त्या माळावर चरणाऱ्या गुरांचा चारा विकत घेतला तर तो किती दिवस पुरेल, हा आकडा ज्या त्या गावाने आपापल्या भावाने मांडावा. काही गावांनी विरोध केला आहे, काहींनी मुरमाड, गवत न येणारा तुकडा देऊन चांगला माळ राखण्याचा मध्यममार्ग सुचवला आहे. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. पण त्यासाठी गावाला आपले गायरान नेमके किती आणि कुठे आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

तेच बहुतेकांना ठाऊक नसते. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद असते आणि एक-ई मध्ये अतिक्रमणांची. विदर्भात त्या जोडीला निस्तारपत्रक असते. चराई, सरपण, वाटा यांवरील गावकऱ्यांचे हक्क त्यात लिहिलेले असतात. हे कागद कोणालाही पाहता येतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मोजणी मागता येते आणि हद्दीचे दगड रोवून घेता येतात. ज्या गायरानाची मोजणी कोणी मागितलेली नाही, त्याच्या चारही बाजूंचे बांध दर नांगरटीला दोन तास आत सरकतात.

येथे शहरात स्थायिक झालेल्या समाजालाही काम आहे. भारतीय जैन संघटनेने बीड आणि बुलढाणा जिल्ह्यांत तलावांतील गाळ काढण्यासाठी यंत्रे उभी केली, तेव्हा जीवदयेचा अर्थ पाण्यापर्यंत नेऊन दाखवला. तोच हात माळापर्यंत पोहोचू शकतो. मोजणीचे शुल्क, हद्दीवरचा चर, गवताचे बियाणे, एखाद्या राखणदाराचे वर्षाचे वेतन, हे खर्च गोशाळेच्या एका महिन्याच्या चाऱ्याच्या बिलापुढे फार मोठे नाहीत. ज्या गावातून आजोबा दुकान बंद करून शहरात आले, त्या गावच्या गायरानाचा उतारा मागवणे ही त्याची सुरुवात होऊ शकते.

ठराव करण्याचा अधिकार मात्र गावात राहणाऱ्या मतदारांचाच. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. गायरान देण्याचा विषय विषयपत्रिकेवर ठळकपणे येतोच असे नाही. पुष्कळदा तो ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली सभेच्या शेवटी येतो, त्या वेळी निम्मे लोक घरी गेलेले असतात आणि महिला तर त्याआधीच स्वयंपाकाला उठलेल्या असतात. इतिवृत्तावर सह्या मात्र सर्वांच्या असतात, कारण त्या सभा सुरू होताना हजेरी म्हणून घेतलेल्या असतात.